तोबालोची नखं

प्रिय बाबा,

हे पत्र आत्याची चारो तुम्हाला वाचून दाखवेल. चारो, तुझ्या नेहमीच्या घाईनं वाचू नकोस गं, आणि मध्येच नाक ओढत बसू नकोस. बाबा, तोबालोला आधी अंगणात शेळीपाशी पाठवा. त्याच्यासमोर हे वाचायचं नाही. चार वर्षांचं पोर माझं, पण सगळं कळतं त्याला. कळून गप्प बसतो.

मला फारसं लिहिता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. आई आजारी पडली तेव्हा तुम्हीच शाळेतून काढलंत. तक्रार नाही माझी. पण फोनवर हे बोलता येत नाही. सासूबाई खालच्याच मजल्यावर राहतात आणि इथं सेव्हिलमध्ये भिंती कसल्या, नुसता पुठ्ठा. पलीकडचा शिंकला तर आपण रुमाल शोधायचा. आणि एलादियो माझा फोन घेऊन बसतो. संशय म्हणून नाही हो. त्याच्या फोनची बॅटरी संपते तेव्हा माझ्यावर व्हिडिओ बघतो. तेच ते, भरभर गिटार वाजवणाऱ्यांचे.

तुम्हाला आठवतं ना, आईच्या दुखवट्याचं वर्ष सरलं आणि घरात पहिल्यांदा गिटार आली, ती एलादियोच्या हातात. वर्षभर तुमच्या तोंडून गाणं नाही. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसला होतात. त्यानं एक तार छेडली आणि थांबला. किती वेळ थांबला! आत्या म्हणाली, "अरे पोरा, डोळा लागला काय तुझा?" तो हलला नाही. पुन्हा तीच तार, पुन्हा थांबला. मग तुमच्या गळ्यातून साद निघाली, आणि त्यानं ती पुढं जाऊ दिली आणि स्वतः मागून गेला. पाहुणे गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "वाजवणारे ढीगभर बघितले. या पोराला थांबता येतं." तेवढ्यावर तुम्ही मला त्याच्या घरी दिलंत. मीसुद्धा तेवढ्यावरच गेले.

इथं तो परदेशी लोकांच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायला लागला. सावकाश वाजवलं की ती माणसं जेवतात, भरभर वाजवलं की काटेचमचे खाली ठेवतात. आधी तो घरी येऊन हसायचा. म्हणायचा, "सालूद, आज मी जीव ओतून सिगिरियाची शोकधून वाजवली, तर पुढच्या टेबलावरच्या बाईनं मीठ मागितलं." मीही हसायचे. मग कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका पोराचा व्हिडिओ बघितला त्यानं. पोरगा वाजवतो आणि पडद्यावर वेगाचा आकडा वाढत जातो. त्या दिवसापासून हसणं बंद. टकटक करणारं एक यंत्र घरात आलं. मी भाजी चिरायची तरी सुरी त्या टकटकीवर पडायला लागली, माझी मलाच लाज वाटायची.

बाप्तिस्म्याच्या दिवसाचं तर तुम्हाला काय सांगू. तुम्ही नातवासाठी साद घातलीत, श्वासाला थांबलात, आणि त्या थांबण्यात त्यानं इतके सूर कोंबले की पोरं किंचाळली, सगळ्यांचे मोबाइल वर झाले. तुम्ही हात लांब करून त्याच्या तारांवर ठेवलात. चारचौघांत. "माझा श्वास खाल्लास तू," म्हणालात, टोपी उचललीत आणि गेलात. गाणाऱ्यानं गिटारवर हात ठेवणं म्हणजे आपल्या लोकांत केवढा अपमान, ते मला कळतं. वाटलं होतं, निवळेल हळूहळू. पण तो त्यानंतर आणखीच पळत सुटला. तुमचा हात अजून तारांवरच आहे आणि खालून निसटायचंय, असा वाजवायचा.

मग त्याचं करंगळीच्या शेजारचं बोट वळायला लागलं. उजव्या हाताचं. वाजवायला घेतलं की आपोआप तळहातात शिरायचं, गोगलगाय शंखात शिरते तसं. डॉक्टर म्हणाला, गिटार काही महिने खाली ठेव, नाहीतर कायमची सुटेल. एलादियो म्हणाला, "त्यानं कधी ताल धरलाय का आयुष्यात?" नदीपलीकडं एक माणूस आहे, आधी घोड्यांवर उपचार करायचा. तो सांगतो, बोटं एकमेकांना आतून दोऱ्यांनी बांधलेली असतात, त्यातली एक कापली की बोट मोकळं पळतं. एलादियो त्याच्याकडं जाऊन हाताला पट्टी बांधून आला. थोडे दिवस बोट खरंच पळालं. मला उचलून गिरकी दिली त्यानं. मग ते पुन्हा वळलं, आणि या वेळी शेजारच्यालाही घेऊन वळलं. आता त्याच्या हातात कॉफीचा पेला राहत नाही. हॉलमध्ये त्याला मागं बसून टाळ्या द्यायला लावतात. तिथून आला की सरळ तोबालोजवळ जातो.

तोबालोच्या उजव्या हाताची नखं कापायला मला मनाई आहे. गिटारवाले नखांवर गोंद लावून ती टणक करतात, तुम्ही बघितलंय. तोच गोंद तो या एवढ्याशा नखांना लावतो. घरभर वास येतो. पोरानं झोपेत स्वतःची पापणी खरवडून घेतली, म्हणून मी रात्री त्याच्या हातात मोजा घालते. सकाळी दुधाच्या आधी एलादियो एकेक नख उजेडात धरून बघतो. ओरडत नाही, मारत नाही. एकेका बोटाचा मुका घेतो आणि म्हणतो, "बघ, आईची बोटं आलीत, लांब." मारलं असतं तर मला काय करायचं ते कळलं असतं, बाबा.

आणि ते यंत्र, रोज त्यावर पोराला गिटार वाजवायला बसवतो. पोर घाससुद्धा त्या टकटकीवर चावतं आता. मी भांडी घासताना तुमचं गाणं म्हणायचे तेव्हा तो टेबलावर मुठीनं ताल धरायचा. मी श्वास घेतला की त्याची मूठ हवेत थांबायची, डोळे माझ्या तोंडाकडं. कुणी शिकवलं नव्हतं. परवा मी तेच गाणं म्हटलं. तो ठोकत सुटला, माझ्या आधी संपवलं आणि विचारतो, "आई, तू मागं का राहिलीस?" 

गेल्या रविवारी जेवताना एलादियो म्हणाला, "माझं उशिरा झालं. मोठ्या माणसाची दोरी कापली की हात बावचळतो. लहानपणीच कापली तर हात तसाच वाढतो, त्याला वेगळं काही माहीतच नसतं." मला वाटलं, स्वतःच्या नशिबाला बोलतोय. मी त्याला अजून थोडे चणे वाढले. मग तो म्हणाला, "पुढच्या सोमवारी येतोय तो माणूस. इथंच करेल, पोराला बाहेर न्यायला नको." मी ओरडले तर म्हणतो, "कान टोचतात तेवढंच दुखतं गं, काय तू." मी खाली सासूबाईंकडं पळाले. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "बाप आहे तो त्याचा, वाईट करेल का?" वर आले तर त्यानं एक लाल खेळण्यातली गाडी कपाटावर ठेवली होती. "झाल्यावर द्यायची," म्हणाला. पोर येता-जाता वर बघतंय.

आज शनिवार, परवाच तो सोमवार. चारो बाजारात गोगलगायी विकायला आली आहे आणि दुपारी एलादियो हॉलमध्ये गेला की टेम्पोत रिकाम्या पोत्यांमध्ये तोबालोला बसवून तुमच्याकडं लेब्रिहाला नेणार आहे. म्हणून हे लिहिलं. चार दिवस राहायला पाठवलेला नाही तो. परत पाठवायचा नाही, एलादियो दारात येऊन रडला तरी नाही, मी फोन करून पाठवा म्हणाले तरी नाही. मी त्याच्याबरोबर येऊ शकत नाही. यंत्राची टकटक आणि पोराचं वाजवणं मी मोबाइलवर भरून ठेवलंय, ते आतल्या खोलीत दार लावून चालू ठेवीन. टकटक थांबली की सासूबाई वर येतात, आणि मी त्यांना जिना झाडताना दिसायला हवी, चारो आणि पोर लांब पोचेपर्यंत. संध्याकाळच्या शेवटच्या बसनं निघायचं माझ्या मनात आहे. त्या बसमधून मी उतरले नाही तर तुम्ही इकडं येऊ नका. पोलिसांकडं जा. आपल्या लोकांना ते आवडत नाही, तरी जा. लाल गाडी पिशवीत तळाशी आहे. ती त्याला आत्ता द्या, काही झालेलं नसताना. नेलकटर बाजूच्या कप्प्यात आहे. मी कापू शकले नाही, सकाळी त्यानं तपासली असती. पाण्यात हात भिजवा म्हणजे गोंद सुटेल, आणि पाचही नखं पार खालपर्यंत कापा. मग त्याला टेबलापाशी बसवा आणि गा. जिथं श्वास घ्याल तिथं त्याची मूठ बघा. थांबली नाही तर रागावू नका, बाबा. परत गा, आणखी सावकाश.

तुमचीच,
सालूद