दोडक्याच्या वेलाखालची जाळी

आई,

घाबरू नगंस. संयोगिता गाडीवरनं पडली. जिती हाय. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, डोक्याला सात टाके पडलेत. राजारामपुरीतल्या दवाखान्यात हाय. तू डेअरीला गेलीयास आणि मला थांबायला वेळ न्हाय, म्हणून ही चिठ्ठी.

गाडी जोरात नव्हती की गं. वळणावर तिचा पदर मागच्या चाकात गेला. ती 'अहो, थांबा' म्हणाली. मला वाटलं, बांगड्यांचं दुकान दिसलं असंल. 'येताना बघू' म्हणलो आणि गाडी थांबवलीच न्हाय. मागं वळून बघतोय तर सीट रिकामी.

डॉक्टरांनी विचारलं तवा म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं, पदर सुटला." माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय. साडीसाठी लावल्याली चाकाची जाळी मीच काढून टाकली, हे तिला ठावं हाय. पोरं म्हणायची, जाळीनं गाडी दूधवाल्याची दिसती. आणि तूबी ती हौसेनं मागून घेतलीस, दोडक्याच्या वेलाला.

गाडी तिथंच सोडलीया, बसनं जातोय. तिचे कपडे मी घेतलेत. तू तिचा चष्मा आणि मऊ भात घेऊन ये. रिक्षानं ये, कुणाच्या गाडीवर मागं बसू नगंस.

निघायच्या आधी परड्यातली जाळी वेलासकट उपटून दारात ठेव. कोवळे दोडके लागल्यात, ठावं हाय मला. तरी उपट.

सम्राट