दुसऱ्या प्रतीतलं पान

४ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

ताईने कॅन्सरच्या नव्या गोळ्या नाकारल्याचं कळलं. आईचे हाल पाहिले तेवढे पुरे, असं म्हणाली म्हणे. आईच्या वेळी ही गोळी नव्हतीच, हे तिला तुम्हीच सांगा. माझं ऐकेल तर शपथ! तिच्या लेखी मी अजून शेंबडीच आहे.

प्रयोगशाळेत मी दिवसभर करते काय, असं तुम्ही विचारलंत. पेशी स्वतःची दुरुस्ती कशी करते, ते पाहते. तिचा सगळा मजकूर दोन जोडपट्ट्यांवर असतो. एक तुटली तर दुसरीवरून भरता येते. दोन्ही एकाच जागी तुटल्या की पंचाईत. पण विभागण्याआधी पेशीने सगळ्या मजकुराची नक्कल केलेली असते. मग ती तुटकी टोकं साफ करते, नकलेत नेमका तोच मजकूर शोधते आणि गहाळ अक्षरं उतरवून घेते. बांधणीला आलेल्या पुस्तकातलं गहाळ पान तुम्ही दुसऱ्या प्रतीवरून लिहून चिकटवता, तसंच. हे काम करणारा कारागीरच आईकडून ताईकडे सदोष आला. गोळी रोगट पेशींची उरलेली किरकोळ दुरुस्तीही बंद पाडते, मग त्या तगत नाहीत.

डोळ्यांना जपा. माया आहेच, ती तशीच राहो.

तुमची धाकटी

१५ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एक विचारतो, हसू नकोस. तुम्ही दोघी एकाच आईच्या. तुझ्या धडधाकट शरीरातून ताईचं ते पान उतरवून घेता येणार नाही का? ताई म्हणाली, हिचं पान लावलं तर मीसुद्धा उठताबसता उपदेश करायला लागेन. मी मात्र थट्टेने विचारत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तब्येत सांभाळ.

बाबा

२३ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

एकीच्या पेशीला दुसरीच्या शरीरातून उतरवून घेता येत नाही, बाबा. आलं असतं, तरी माझा उपयोग नव्हता. मी तपासणी करून घेतली. तोच दोष माझ्यातही आहे. आज मी ठणठणीत आहे, पुढेही दरवर्षी तपासत राहीन. तुमच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून लिहिलं.

ताईला एवढ्यात सांगू नका. तिला तिचंच पुष्कळ झालंय.

तुमची धाकटी

१ जुलै

प्रिय शेंबडे,

बाबांचं ऑपरेशन डॉक्टरांनी अलीकडे घेतलं. डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने अक्षर लागत नाही, म्हणून तुझं पत्र मीच मोठ्याने वाचत होते. ताईला सांगू नका, या ओळीपर्यंत पोचले तेव्हा सगळं वाचून झालं होतं.

हात पुढे करून बाबांनी पत्र मागितलं आणि दिसत नसताना कागदावरून बोटं फिरवत राहिले. मी नळ सोडून भांडी घासायला बसले. घासलेलीच होती.

एकटीने तपासायला गेलीस, एकटीने ऐकलंस. पदवी घेतलीस म्हणून एवढी मोठी झालीस का गं?

सोमवारी गोळ्या सुरू करतेय. डॉक्टर फार आशा देत नाहीत. कदाचित काही महिने, कदाचित जास्त. पण देव न करो, तुझ्यावर वेळ आली, तर ताईनेही घेतल्या नव्हत्या, असं तुला म्हणता येऊ नये.

रागावलेय, तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी ताई