दोन ओळींचा दाखला

धाराशिव, शनिवार

प्रिय दादा,

तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि दुकानात असलास की तुझा अर्धा जीव गिऱ्हाइकाच्या खताच्या पोत्यात असतो. म्हणून लिहिते आहे. एवढं वाचूनच म्हणशील, बाईसाहेब चिडल्यात. चिडलेच आहे.

तुझ्या शिवांजलीसाठी तुला दोन ओळी हव्यात. माझ्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट: मुलगी नॉर्मल आहे, शाळेत घ्यायला हरकत नाही. जूनच्या प्रवेशासाठी शाळेनं कागद मागितलाय, आणि घरातच डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असं तुझं म्हणणं. किती सोपं करून टाकलंस रे. अकरा वर्षं झाली मला इथं बसून, आणि माझ्याकडं लोक तपासायला कमी, असल्या ओळी न्यायला जास्त येतात. आधी म्हणायचे, वेड्यांची डॉक्टर. मी मानसशास्त्रज्ञ, औषध लिहून देत नाही हे कळल्यावर म्हणाले, बिनगोळीची डॉक्टर. आता मोबाइलमुळं ऑटिझम हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय, आणि प्रत्येकाला माझ्या तोंडून एवढंच ऐकायचं असतं की तो शब्द आपल्या लेकराचा नव्हे.

गेल्या महिन्यात तामलवाडीचे कोंडीराम आजोबा पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत पोरानं स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा एका दमात म्हणून टाकलं, भिंतीकडं बघत. आजोबांनी पंधरा दिवस बसून पाठ करून घेतलं होतं. माझ्याकडं परीक्षा असते आणि नातवाला पास करायचं, एवढंच त्यांना कळलेलं. मी खेळणी काढली तर म्हणाले, "खेळायचं ऱ्हाऊ द्या मॅडम, घरी लई खेळतंय. तुम्ही इचारा की, समदं येतंय त्याला." पोरानं आपणहून बोलावं म्हणून जिभेला वेखंड उगाळून लावून झालं होतं, पोपटानं उष्टावलेला पेरू चारून झाला होता, तुळजापूरला नवस बोलून झाला होता. नवसाला माझी ना नाही, एम.फिल.च्या परीक्षेआधी मीही बोललेच होते. पण नवस फेडायचा दिवस येईतोवर लेकरू थांबून राहत नाही ना. वर आजोबा मलाच समजावत होते, "ह्याचा बापबी उशिराच बोलला व्हता." ते वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अकरा वर्षांत हजारदा ऐकलं असेल. त्या म्हाताऱ्या माणसावर मी एवढी खेकसले की माझी शाहीन, जी बाहेर नंबर लावते, ती आत येऊन "मॅडम, आवाज बाहेर यायलाय" असं सांगून गेली.

तुझ्यावर मात्र मला खेकसता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. पुण्याला प्रवेश मिळाला तेव्हा आप्पा नको म्हणत होते, आणि तू माझी ट्रंक खांद्यावर घेऊन वसतिगृहाच्या फाटकापर्यंत आलास. तिथल्या वॉचमनला बजावलंस, "डॉक्टर व्हायलीय आमची बहीण, ध्यान ठेवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्या दिवसापासून तू माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीस. आईच्या गुडघ्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्यात माझं मत विचारतोस, आणि मी ताटावर बसून सहज बोललेलं वाक्यही तुला रिपोर्ट वाटतो.

शिवांजली अख्खी आरती म्हणते. तू पाहुण्यांपुढं म्हणायला लावतोस, सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्यात. पण साडेतीन वर्षांची मुलगी तहान लागली तर पाणी म्हणत नाही, दादा. ती वहिनींचा हात धरून तांब्यावर नेऊन ठेवते, त्यांच्या तोंडाकडं न बघता. बियाण्याची पाकिटं ती एका ओळीत लावते हे तू मला कौतुकानं सांगितलंस, आत्तापासून दुकान सांभाळायलीय म्हणालास. त्यातलं एक जरी कुणी हलवलं तर ती तासभर रडते, हे नाही सांगितलंस.

हे वहिनींनी सांगितलं. मंगळवारी त्या माझ्याकडं आल्या होत्या. घरी तुळजापूरला दर्शनाला जाते म्हणाल्या आणि वाटेत इथं उतरल्या. शाहीननं त्यांना कधी पाहिलेलं नाही. माहेरचं आडनाव सांगून त्यांनी नंबर घेतला आणि लेकीला मांडीवर धरून दोन तास बाकावर बसल्या. आत आल्या तशी मी हसत उठले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, नणंद म्हणून बघू नका. दोन वर्षांमागं नणंदेलाच इचारलं व्हतं, तिथंच चुकलं माझं."

दोन वर्षांपूर्वीचा पाडवा. शिवांजली दीड वर्षाची होती. पोळी वाढता वाढता वहिनींनी हळूच विचारलं होतं की ही हाकेला बघत नाही, काही असेल का. मी म्हणाले, काही नाही हो, दादाही उशिराच बोलला होता. माझ्या तोंडून, दादा. आणि नकळत नव्हे. त्या सकाळी मी स्वतः तिला दोनदा हाक मारून पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तिनं मान वळवली नव्हती. मला तिथंच कळलं होतं. मी भ्याले. दुसऱ्याच्या घरात बोट दाखवून सांगते तेच आपल्या घरात मला नको होतं. त्यानंतर वहिनींनी जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तू त्यांना गप्प केलंस. "डॉक्टर घरात हाय, ती म्हणली काही न्हाय." तुझं काय चुकलं त्यात?

म्हणून हे पत्र. लेखी दाखला मी देणार नाही, आणि पाडव्याला तोंडी दिलेला परत घेते आहे. भाचीला मी तपासणार नाही. तिच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरलेला नाही. माझ्याबरोबर शिकलेला मुजीब सोलापूरला बसतो, त्याच्याकडं शुक्रवारी अकराची वेळ घेतली आहे. आई आणि बाप दोघंही लागतात. शाळा एक वर्ष उशिरा झाली तरी बिघडत नाही, तपासणीविना आणखी एक वर्ष गेलं तर बिघडतं. वहिनींना एक शब्द बोलू नकोस. "माझं ऐकत न्हाईत, तुम्हीच सांगा त्यांना," असं म्हणून त्या गेल्या, आणि त्यांना घरी खोटं सांगावं लागलं ते माझ्यामुळं. राग काढायचा तो माझ्यावर काढ, वर्षभर बोलू नकोस, दिवाळीला बोलावू नकोस. पण आजवर माझा प्रत्येक शब्द मानलास, तसा हाही मान. मी चुकले होते. शुक्रवारी तिला घेऊन ये.

तुझीच,
शिवप्रिया