डुलणारी होडी घेतली, अण्णा

प्रिय अण्णा,

परवा आमची होडी समुद्रात उतरणार. सासरी रत्नागिरीकडं सगळे पूजेच्या गडबडीत, आणि मी मात्र एसटीनं थेट इस्लामपूरजवळचं आपलं गाव गाठलं. का? तुमच्याशी भांडायला! आपल्या घाटावर बसून लिहितेय.

आवं, जन्मभर तुम्ही कृष्णेच्या ह्या काठावरनं त्या काठावर माणसं पोहोचवलीत. आधी गूळ आटवायच्या जुन्या मोठ्या काहिलीतनं, मग सपाट बुडाच्या नावेतनं. नवी नाव विकत घेताना तुमची एकच परीक्षा. कडेवर पाय देऊन उभं राहायचं! "डुलली तर घ्यायची न्हाई, पोरी. हितं सांभाळंना ती मधी काय सांभाळणार?"

बंदरात मी तेच केलं. सपाट बुडाची होडी ढिम्म हलली नाही. दुसरी खोल बुडाची, पाय ठेवताच डुलायला लागली. मी ह्यांना ठणकावलं, "सपाटच घ्यायची! माझे अण्णा नावाडी होते." हे हसले. "अगो, ही कृष्णा नाय. दोन्ही बाहेर नेऊन बघू, मग बोल."

खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या. तुमची सपाट होडी प्रत्येक लाटेवर धाडकन आपटली. पाणी आत आलं! मग डुलणारीत बसलो. ती नाक वर करून लाट चढली, कलली आणि लगेच सरळ झाली. तिथंच मी ठरवलं, हीच घ्यायची.

किती वेळा बोलावलं तुम्हाला समुद्र बघायला! दर वेळी एकच, "नाव कोण बघंल?" आला असता, तर पहिल्याच लाटेला मत बदललं असतं तुमचं. वर मलाच म्हणाला असता, "मी तेच सांगत हुतो!" तुम्ही गेल्यापासनं लय आठवण येते हो तुमची.

होडीची मला आता काळजी नाही. काळजी ह्यांची आहे. होडी चांगली म्हणून माणूस वाऱ्यालाही भीत नाही.

पुराच्या वेळी तुम्ही नाव झाडाला बांधून ठेवायचात. लोकांनी शिव्या घातल्या, सोयरे रुसले, पण तुम्ही दोर सोडला नाहीत. अण्णा, वारा फिरला की मीही होडीचा दोर सोडणार नाही. शिव्या मी खाईन, रुसवे मी काढीन. पण ह्यांना माझ्या डोळ्यांदेखत म्हातारं होऊ देईन, हा शब्द देते.

तुमचीच भांडखोर,
सुली