उट्रेख्तला परतण्याची तारीख

अकोट, १४ मे २०२३. दिवस ५
अब्बा गेले त्याला आज सहावा दिवस. मी पोचले तेव्हा माती दिली गेली होती. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. कामाचं लिहिते.
अम्मीची इद्दत, नवऱ्यामागे पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस. तोवर तिने घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे १९ सप्टेंबर. मी इथूनच तिकडच्या कंपनीचं काम करीन आणि २० ला परदेशी, उट्रेख्तला परत जाईन. नियम सोपा आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात काढले की मी करासाठी इथली रहिवासी ठरते. कंपनीला ते नको. १८२ भरले तर करार संपेल, असं एचआरने लेखी कळवलंय.
मी १३४ व्या दिवशी निघतेय. एक्सेल शीट केली. बॅग रिकामी करणार नाही.

२ जून. दिवस २४
मीटिंग चालू असताना शेजारच्या शकुनकाकू खिडकीशी. "काहून वं उज्मा, नोकरी सुटली का तुयी? दिवसभर घरातच दिसून राह्यली." रिमोट काम म्हणजे काय ते नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "मंग मी तेच म्हनलं."
यापुढे खिडकी बंद.

९ जून. दिवस ३१
अब्बांचं दुकान उघडलं, फक्त यादी करायला. दुरुस्तीला आलेले फवारणीचे पंप: ४१. दुरुस्त होऊनही न नेलेले: २६. काही दोन हंगामांपासून पडून. अब्बांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या प्रत्येकावर. एकाचा फक्त वॉशर बदलायचा राहिला होता, तो बदलला. तेवढंच.

१९ जुलै. दिवस ७१
उट्रेख्तची खोली सोडली. रिकामी खोली धरून ठेवण्यात तर्क नाही. सामान दोन खोक्यांत, एका सहकाऱ्याच्या तळघरात. परतल्यावर नवी खोली शोधणं सोपं जाईल.

१६ सप्टेंबर. दिवस १३०
सकाळी अम्मी घरात नाही. धावत बाहेर आले तर दुकानाचं शटर वर, अम्मी अब्बांच्या स्टुलावर, समोर गिऱ्हाईक खुशालराव. अम्मी त्यांना सुनावत होती, "दोन वर्सं झाले पंप ठेवून. हे दुकान हाय का तुमचा शेतातला कोठा?" खुशालराव म्हणाले, "भाभी, फवाराले पीक तं पाह्यजे ना." तरी पंप घेऊन गेले.
मी म्हटलं, अजून तीन दिवस बाकी आहेत. अम्मी म्हणाली, इद्दत चांद्र महिन्याच्या मध्येच लागली की सरळ एकशे तीस दिवस मोजतात, ते काल पुरे झाले. "इतनी पढी-लिखी, गिनती नहीं आती?"
मी महिन्यांनी मोजलं होतं. चूक किरकोळ आहे.

१९ सप्टेंबर. दिवस १३३
तिकीट पुढे ढकललं. अम्मीला दुकान एकटीने झेपणार नाही. ६ नोव्हेंबर म्हणजे दिवस १८१. निघतानाचा दिवसही धरलाय. गणित बसतं.

१२ ऑक्टोबर. दिवस १५६
अकोल्याला जठारपेठेत सीए गौरांगकडे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. दोन्ही देश करावर हक्क सांगायला लागले तर काय पाहतात, ते त्याने विचारत नेलं. कायमचं घर? तिकडे सध्या नाही. सामान? दोन खोकी. जवळची माणसं? मी वेळ मागितला. "बरं, रोज झोपतेस कुठं?" म्हटलं, तात्पुरतं अकोट. त्याने लिहिलं: अकोट. खोडायला सांगितलं. म्हणाला, पेन्सिलच आहे, घाबरू नको.
घाबरण्याचा प्रश्नच नव्हता.

२८ ऑक्टोबर. दिवस १७२
अम्मीला दुकान झेपतंय. २६ पैकी १९ पंप मालकांना बोलावून देऊन टाकले. मी थांबण्याचं कारण शीटमध्ये बदललं: 'देखरेख'.

५ नोव्हेंबर. दिवस १८०
तिकीट उघडून पाहिलं. मुंबईहून पहाटे ४.१०, तारीख ७. 'सहाची रात्र' असंच मी धरून चालले होते. पासपोर्टवर शिक्का सातचा बसेल. दिवस १८२.
सहाच्या दुपारचं दुसरं विमान होतं. जागाही होत्या. आज संध्याकाळी अकोल्याहून गाडी धरली असती तर पोचले असते. पण मी दुरुस्तीला घेतलेला पंप क्रमांक १७ उघडा पडला होता. यंत्र अर्धवट सोडणं तांत्रिकदृष्ट्या चूक.

६ नोव्हेंबर. दिवस १८१
गेले नाही. १८२ भरूनच निघायचं तर जाण्यात अर्थ नव्हता. जेवताना अम्मी ताटाकडे बघत म्हणाली, "मेरी इद्दत तो कब की पूरी हुई. तेरी?"
हात धुऊन दुकानात गेले. १७ नंबर आता गळत नाही.

७ नोव्हेंबर. दिवस १८२
एचआरची मेल आली. सहा ओळी, शेवटची शुभेच्छांची. गौरांगला फोन केला, पेन्सिलवर पेन फिरवायला हरकत नाही. तो म्हणाला, तेव्हाच फिरवलं.
खोलीत आले तर माझे कपडे कपाटात, घड्या घालून. बॅग दुकानात सापडली. आत नोझल, वॉशर, रबरी नळ्या. अम्मी म्हणाली, चाकं आहेत, बाजाराच्या दिवशी बरी पडते.
शीट १८२ ओळींवर संपत होती. खाली एक ओळ जोडली.
बॅग मोकळी झाली की निघेन.