नाण्यांवरचा मुलामा

४ जानेवारी

मास्तरांकडून आत्ताच आलो. जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीस संग्रहालयाचे लोक त्यांची नाणी न्यायला येणार. मास्तरांच्या नावाची पाटी लावून कायमची मांडणार आहेत. झटका आल्यापासून मास्तरांची उजवी बाजू गेली, नजरही अंधूक. म्हणून मला म्हणाले, "एकदा बघून घे रे सगळी. तुझ्याशिवाय कुणाला दाखवू?" आम्ही दोघांनी जुन्या बाजारात उन्हातान्हात उकिडवं बसून जमवलेली नाणी. आणि घड्याळं दुरुस्त करून करून माझा डोळा तयार झालेला – असं मीच सगळ्यांना सांगत असतो.

पेटी उघडली. चांदीची नाणी नको तितकी पांढरी. जुन्या चांदीवर काळपट सावली असते, अक्षरांच्या खाचेत तर ती हमखास दडून बसते. इथे खाचासुद्धा लखलखीत. अक्षरांच्या कडा बोथट, वापरलेल्या साबणासारख्या. मुलामा चढवलाय. एकावर नाही, सगळ्यांवर.

मास्तर खाटेवरून विचारत होते, "कशी आहेत?"

"छान आहेत," म्हणालो. पेटी मिटली. एक नाणं मात्र खिशात टाकून आणलंय.

५ जानेवारी

दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उलटं जोडत होतो.

खरी नाणी विकून कुणीतरी तांब्याची ठेवलीत, वरून चांदी चढवून. दुसरं काय असणार? पेटी घरातली, किल्ली घरातली. मास्तर अंथरुणाला खिळलेले. वहिनींना नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही. राहिला मुलगा. छापखाना बंद पडल्यापासून तो घरीच असतो.

७ जानेवारी

बोललो. बोलायलाच हवं होतं.

मुलाला बाहेरच्या खोलीत गाठलं. आत वहिनी मास्तरांना भरवत होत्या. म्हटलं, "खरी नाणी कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"ही मुलाम्याची आहेत. संग्रहालयात नेली तर तुझ्या बापाची अब्रू जाईल."

त्याने पेटीतलं एक नाणं उचललं. खिडकीशी नेऊन उलटंसुलटं केलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं आणि चेहरा उतरला. म्हणाला, "काका, हळू बोला."

"म्हणजे तूच."

हो नाही, नाहीही नाही. नुसतं एवढंच – "आईला यात ओढू नका."

मला वाटलं, लाज वाटतेय. आवाज चढला माझा. आतून मास्तरांचा वाकडा, जड शब्द आला – "चालता हो." मला क्षणभर वाटलं, मलाच म्हणाले.

९ जानेवारी

मीच संग्रहालयाला नाही म्हणून कळवलं. तिथल्या बाई आणि तिथले साहेब, दोघेही फार सभ्यपणे बोलले. त्यानेच जास्त लागलं.

१४ जानेवारी

मुलगा घर सोडून गेला. गावाबाहेरच्या गोदामात हमालीला लागलाय म्हणे. मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही खरं तेच बोललात, भावजी." त्यांचे डोळे सुजलेले होते.

खरं बोलून माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला वाटत नाही.

२२ जानेवारी

कोट झटकताना ते नाणं हाताला लागलं. सहज वजनकाट्यावर टाकलं. वजन बरोबर! तांबं असतं तर कमी भरलं असतं. उलट किंचित जास्तच आहे – वर चढलेल्या थराचं. कडेला कानशीचा एक हात मारला. आतपर्यंत चांदी.

नाणं खरं आहे. कुणीही काहीही बदललेलं नाही. अस्सल नाण्यावरच कुणीतरी मुलामा दिलाय.

काटा दुकानात माझ्या समोरच असतो. पण मला भिंगाचा गर्व. पोराला चोर ठरवून मोकळा झालो.

२३ जानेवारी

सकाळीच गेलो. मास्तर झोपले होते. वहिनींना सांगितलं, तुमच्या मुलाने काही विकलं नाही. नाणी तीच आहेत, फक्त मुलामा कुणी दिला ते कळत नाही.

"मी दिला ना," त्या म्हणाल्या. "हे दवाखान्यात होते तेव्हा. किती काळवंडली होती हो! भांड्यांना मुलामा देणाऱ्याकडे नेली. म्हटलं, घरी येतील तेव्हा बघून बरं वाटेल. आले तर यांना दिसेचना. मग सांगायचं राहिलं." मग म्हणाल्या, "तुमचं ऐकून मला वाटलं, मी चमकवलेली त्याने विकली आणि ही दुसरीच आणून ठेवली."

मी सुटलो होतो, त्या सुटकेच्या भरात तोंडाला कुलूप राहिलं नाही. म्हणालो, "वहिनी, जुन्या नाण्याची किंमत त्या काळेपणात असते. मुलाम्याआधी तेजाबात बुडवलं की संपलं."

"सगळीच?"

"सगळीच."

त्या खाली बसल्या. मांडीवर पेटी घेतली आणि झाकण पुसत राहिल्या. त्यावर धूळ नव्हती.

२४ जानेवारी

गोदामाच्या फाटकाशी मुलाला गाठलं. हात जोडले, घरी चल म्हणालो. तो म्हणाला, "तो आईने दिलेला मुलामा, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. आईबरोबर पेटी मीच उचलून नेली होती. नाणी खराब होतात हे आम्हाला कुठे ठाऊक. मी काय, बाहेर पडू शकतो. तिला बाबांच्या उशाशीच राहायचंय."

मग म्हणाला, "तुम्ही तिला काही बोलला नाहीत ना?"