अर्थमंत्री चहा पीत नाहीत

१९ फेब्रुवारी
पेपरात अर्थमंत्र्यांचा फोटो. नीट पाहिला. गाल बसलेले, ओठ मिटलेले. हा माणूस चहा पीत नाही. म्हणजे बजेटात चहावर कर नक्की. साबणही जपून वापरत असणार. तोही महागणार. आकुर्डीत कंपनीच्या गेटवर एवढ्या चहाच्या टपऱ्या, पण पेपर वाचणारी मी एकटीच. समोरच्या टपरीवाली गिरजाबाई अंगठा उठवते. तिचं कसं होणार, काळजी वाटते.

२१ फेब्रुवारी
भिशी लागली. सगळी रक्कम चहापत्तीत आणि चंदनाच्या साबणात घातली. वाणी म्हणाला, वहिनी, घरात लग्न आहे का? मी नुसती हसले. धोरण कुणाला सांगत नसतात.
ह्यांच्या ट्रंकेत पत्ती आणि साबण भरले. झाकण घट्ट, वर पाटा. ह्यांचे सदरे काढून खुंटीला टांगले. चार वर्षांनी खोलीत माणूस आल्यासारखं वाटलं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
टपरीवर अर्जुनरावांचा ट्रान्झिस्टर. अर्जुनराव फिटर, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बातम्यांत विडी-सिगारेट महाग. चहाचं नाव नाही, साबणाचं नाही. अर्जुनराव म्हणाले, सुटलात मावशी! मी म्हटलं, सरकार बिचकलं. पुढच्या महिन्यात करील.

२ मार्च
जुनी पत्ती संपली. ट्रंक उघडली. पत्तीला चंदनाचा वास, भरपूर. वेल्डर कोंडीरामने घोट घेऊन विचारलं, मावशी, ह्यो प्यायचा का अंगाला चोळायचा? सगळी शिफ्ट हसली. मीही हसले. दिवसभर धूर हुंगणाऱ्याला नाजूक वास काय कळणार?

३ मार्च
पाटी लावली: शाही चंदन चहा. दर पाच पैशांनी वाढवला.

४ मार्च, दुपार
दर पूर्ववत. गिऱ्हाईक कमी, कारण सिगारेट महाग. सिगारेट नाही तर चहा कशाला? हे अर्थशास्त्र आहे. गिरजाबाईकडे मात्र गर्दी. सिगारेटी फुकट वाटते की काय?

६ मार्च
आलं घातलं. वेलची घातली. आता आलं, वेलची आणि साबण. कोंडीराम लांबूनच ओरडला, फेस यायचा तेवढा ऱ्हायलाय! नवी पत्ती घ्यायला पैसा नाही. ही खपली नाही तर टपरी बंद. खपेल. अर्जुनराव तरी रोज घेतात.

८ मार्च
अर्जुनराव कप घेऊन झाडामागे जातात. आज पाहिलं, बुंध्याशी ओततात. झाडाला आवडलेला दिसतो.

१० मार्च
टपरी उघडली नाही. विश्रांती हवीच.
गिरजाबाईकडे गेले, फक्त चहा तपासायला. बाकावर माझीच सगळी गिऱ्हाईकं. कोंडीराम म्हणाला, सरका रे, मावशीला बसू द्या. चहा साधाच. खात्री करायला आणखी एक घेतला. मग आणखी एक.
गिरजाबाई म्हणाली, अक्का, मला एकटीला आवरत न्हाई, तुमी हिकडंच या की. म्हटलं, बघते. तिची दया आली. शेवटी सल्लागार म्हणून यायचं कबूल केलं.
संध्याकाळपर्यंत कप विसळले.